२२ महिन्यांचा मुलगा दुसरी मुलं दिसली की ढकलतो, चावतो. मिसळायला कसं शिकवायचं?

कोथरूडची आई
मुलगा २२ महिन्यांचा आहे. आम्ही दोघंही नोकरी करतो, दिवसभर तो आजीजवळ असतो. घरात हसरा, बडबड्या. संध्याकाळी सोसायटीच्या बागेत नेलं की पहिली दहा मिनिटं आजीचा पदर सोडत नाही. एकदा सुटला की कुणाची बादली ओढ, कुणाला ढकल. पंधरा दिवसांत दोनदा चावला. रविवारी संभाजी बागेत घसरगुंडीच्या रांगेत नुसती रडारड. 'शेअर कर, शेअर कर' सांगून थकलो. हे वयाचंच आहे का? घरी नेमकं काय करावं? आणि आत्ताच प्लेग्रुपला घालावं का?

बालवाडीताई
आधी 'शेअर कर' थांबवा. या वयात 'माझं' हे नुकतंच कळायला लागलेलं असतं. दिलेली वस्तू परत मिळते यावर अजून विश्वास बसलेला नसतो, त्यामुळे दिली म्हणजे गेलीच असं त्याला वाटतं. दोन वर्षांच्या आसपासची मुलं एकमेकांबरोबर कमी आणि एकमेकांशेजारी जास्त खेळतात. मिल्ड्रेड पार्टेन यांनी १९३२ साली मुलांच्या खेळाचे प्रकार मांडले, त्यात असं शेजारी-शेजारी खेळणं आहे आणि लांबून नुसतं बघत राहणंही आहे. म्हणून पदर धरून उभं राहण्याची ती दहा मिनिटं त्याला द्या. 'जा ना, खेळ ना' म्हणून मागून ढकलू नका. आजींनी खाली बसून फक्त बोलावं, 'ती ताई बघ, वाळू भरतेय.'

सुरुवात घरी करा, आणि एकाच मुलाला बोलवा. चार नकोत. झोप आणि खाणं झाल्यावर, अर्धा-पाऊण तास पुरे. मुलं रमली आहेत तोवरच आवरतं घ्या. रडारड होईपर्यंत ताणलं की पुढच्या वेळी तेच लक्षात राहतं. पाहुणा यायच्या आधी त्याची जिवापाड आवडती दोन खेळणी त्याच्यादेखत कपाटात ठेवा. बाहेर काढायचं ते जोडीनं, दोन वाट्या, दोन चमचे, दोन चेंडू, आणि शक्यतो एकाच रंगाचे. लाल आणि निळा ठेवलात तर दोघांनाही लालच हवा असतो. सगळ्यात उत्तम म्हणजे कुणाच्याच मालकीचं नसलेलं काही, जसं परातीत दोन बोटं पाणी किंवा कणकेचे दोन गोळे. हळद घातली तर रंग छान येतो. खेळायच्या कणकेच्या नेहमीच्या कृतीप्रमाणे भरपूर मीठ घालू नका, या वयात गोळा तोंडात जातोच. पाणी असेल तिथून मोठ्यांनी एक मिनिटही उठायचं नाही.

आता ओढाओढीची वेळ. दोघांचे हात एकाच बादलीवर आले की आपण खाली बसायचं, बादली आपल्या हाताने धरून ठेवायची, हिसकावून घ्यायची नाही. मग सावकाश, 'तुला बादली हवी. त्यालाही हवी. आता त्याचा नंबर, मग तुझा.' दहा आकडे मोठ्याने मोजा आणि दहा झाले की बादली थांबलेल्या मुलाला मिळालीच पाहिजे. इथेच बहुतेकांचं चुकतं. नंबर येईल म्हणतात आणि तेवढ्यात दुसऱ्याची आई मुलाला घेऊन निघून जाते. दोन-तीनदा असं झालं की मूल थांबणं सोडून देतं. घरीही रोज पाच मिनिटं समोरासमोर पाय पसरून बसा आणि चेंडू घरंगळवत 'माझा नंबर, तुझा नंबर' खेळा. घसरगुंडीची रांग ही त्याच्या पुढची पायरी आहे. तोवर संभाजी बागेत रविवारऐवजी गर्दी नसलेल्या दिवशी जा.

पाळणाघरवाली मावशी
चावण्याबद्दल. दीड ते तीन वर्षांत हे खूप दिसतं. कारणं ठरावीक असतात. शब्द अपुरे पडतात, गर्दी अंगावर येते, झोप आलेली किंवा भूक लागलेली असते, नाहीतर मागच्या दाढा येत असतात. आठवडाभर वहीत लिहा, किती वाजता, कुठे, कोण जवळ होतं, लगेच आधी काय झालं. नमुना दिसतोच. 'संध्याकाळी साडेसहानंतर, खेळणं हातातून गेल्यावर' असं निघालं तर साडेसहाच्या आत घरी या.

चावल्यावर आधी ज्याला लागलं त्याच्याकडे जा. साबण-पाण्याने धुवा, गार फडकं ठेवा. कातडी फाटली असेल तर डॉक्टरांना दाखवा. मग आपल्या मुलाला चार-पाच शब्दांत सांगा, 'चावायचं नाही. त्याला दुखलं.' लांबलचक भाषण नको, ओरडणं नको, आणि 'आता तुला चावून दाखवते' तर अजिबातच नको. त्यातून मोठी माणसंही चावतात एवढंच तो शिकतो. जबरदस्तीचं 'सॉरी' सोडा, फडकं धरायला त्याचा हात घ्या. आणि चावण्याऐवजी काय करायचं ते शांत वेळी शिकवा. तळहात पुढे करून 'नको', किंवा 'दे'. बाहुली घेऊन रोज दोन-तीनदा खेळलं की हे अंगवळणी पडतं.

वाचा-भाषा तज्ज्ञ
वरचं सगळं पटलं. दोन गोष्टी तपासून घ्या. हवी असलेली किंवा आवडलेली वस्तू तो बोटाने दाखवतो का आणि दाखवताना तुमच्या चेहऱ्याकडे बघतो का? पाठीमागून हाक मारली तर वळतो का? तुम्ही बोट दाखवलं तिकडे त्याची नजर जाते का? दोन वर्षांपर्यंत 'पाणी दे', 'आजी ये' असे दोन शब्द जोडून यायला हवेत. यातलं एक जरी जमत नसेल, किंवा आधी येत असलेले शब्द गेले असतील, तर 'मुलगे उशिराच बोलतात' म्हणून थांबू नका. बालरोगतज्ज्ञांना भेटा, आधी कान तपासून घ्या. १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी एम-चॅट ही स्वमग्नतेची (ऑटिझमची) शक्यता तपासणारी २० प्रश्नांची चाचणी आहे, ती त्यांच्याकडूनच करून घ्या.

जेवताना मोबाइल लावत असाल तर बंद करा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनानुसार दोन वर्षांआधी तो नकोच. घास भरवताना समोरचा चेहरा वाचणं हा त्याचा मोठा सराव असतो.

कोथरूडची आई
बोट दाखवतो, हाकेला वळतो, 'आजी ये' म्हणतो. मोबाइल जेवताना असतो, आजपासून बंद. मग प्लेग्रुप?

बालवाडीताई
घाई नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही पायाभूत टप्पा तीन वर्षांपासूनच धरलाय. नोकरीमुळे घालायचंच असेल तर एका ताईकडे किती मुलं आहेत ते विचारा आणि सुरुवातीला घरच्या माणसाला आत बसू देतात का ते बघा. पहिले दोन-तीन दिवस आजींनी अर्धा तास सोबत बसावं, मग पंधरा मिनिटं बाहेर, मग वाढवत न्यायचं. निघताना 'मी जाऊन येते' सांगूनच निघायचं. नजर चुकवून पळालं तर दुसऱ्या दिवशी तो दारातच गळ्याला मिठी मारतो.

आणि सोसायटीतली सहा-सात वर्षांची मुलं लपाछपी खेळतात ना, त्यांना सांगा याला लिंबूटिंबू घ्या. राज्य येत नाही, बाद होत नाही, फक्त त्यांच्यामागे पळायचं. मोठी मुलं त्याला सांभाळून घेतात, बरोबरीची दोन वर्षांची घेऊ शकत नाहीत. पावसाळ्यात बाग बंद झाली की पार्किंगमध्येही हे जमतं. गाड्या येण्याच्या वाटेला मात्र एक मोठं माणूस उभं हवं.