पेसर्सचं प्रगतिपुस्तक: कोणाला किती मार्क?

वरळी_बेसलाइन:
सोमवारी (२३ जून २०२५) पहाटे साडेपाचला एनबीए, म्हणजे अमेरिकन बास्केटबॉल लीगच्या फायनलची सातवी मॅच बघायला उठलेले इथे कोण कोण आहेत? सातपैकी चार जिंकेल त्याचा कप. ओक्लाहोमाचे थंडर १०३, आपले इंडियाना पेसर्स ९१. पेसर्सचा पॉइंट गार्ड (खेळ लावणारा) हॅलिबर्टन त्यात पहिल्याच क्वार्टरमध्ये जायबंदी झाला, म्हणून ऑफिसात दिवसभर एकच टेप ऐकतोय, "हॅलिबर्टनचा पाय गेला नसता तर कप इंडियानाचाच होता." मला हे पटत नाही. कप सातव्या मॅचमध्ये गेलाच नाही, तो चौथ्या मॅचच्या शेवटच्या पाच मिनिटांत गेला. त्या हिशेबाने मी २०२४-२५ च्या मोसमाचे मार्क काढलेत, दहापैकी. तुमचे तुम्ही द्या, माझे खोडून काढा.

मी तटस्थ नाही हे आधीच सांगतो. ऑक्टोबर २०१९ मध्ये एनबीए पहिल्यांदा भारतात आली ती वरळीच्या डोममध्ये, पेसर्स आणि सॅक्रामेंटो किंग्ज. पहिली मॅच पेसर्सनी ओव्हरटाइममध्ये १३२-१३१ अशी काढली आणि मी तेव्हाच चिकटलो. गंमत बघा, पुढे २०२२ मध्ये याच दोन संघांत सौदा झाला. साबोनिस तिकडे गेला, हॅलिबर्टन इकडे आला. वरळीतल्या त्या संघातले २०२४-२५ मध्ये टर्नर आणि मॅककॉनेल एवढे दोघेच उरले होते.

संघाला ९. सुरुवात १० विजय, १५ पराभव अशी होती हो! तिथून ५०-३२. मग प्लेऑफमध्ये (बाद फेऱ्यांत) मिलवॉकीला ४-१, मोसमात ६४ मॅच जिंकलेल्या क्लीव्हलंडला ४-१, न्यूयॉर्कला ४-२. हे कोणी आधी सांगितलं असतं तर आपण त्याला वेड्यात काढलं असतं.

हॅलिबर्टनला ९. एप्रिलमध्ये खेळाडूंच्याच एका निनावी मतदानात हा 'सगळ्यात जास्त डोक्यावर घेतलेला' ठरला होता. त्यानंतर याने काय केलं? मिलवॉकीविरुद्ध शेवटच्या सेकंदाला लेअप, क्लीव्हलंडला शेवटच्या सेकंदाला थ्री (लांबून टाकलेला तीन पॉइंटचा शॉट), न्यूयॉर्कमध्ये तो रिंगवर आदळून बोर्डाच्याही वर उडून आत पडलेला शॉट, आणि फायनलच्या पहिल्या मॅचमध्ये ०.३ सेकंद बाकी असताना १११-११०. त्या अख्ख्या मॅचमध्ये पेसर्स पुढे होते ते तेवढेच ०.३ सेकंद. एक मार्क कापला तो पाचव्या मॅचचा. ४ पॉइंट, आणि तेही सगळे फ्री थ्रोचे (फाउलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या शॉटचे). पोटरी दुखावली होती, मान्य. पण मार्क खेळाला द्यायचे.

सिआकम ८.५. बोलत नाही, मिरवत नाही, रोजचं काम रोज. ईस्ट (पूर्व विभाग) फायनलचा एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम खेळाडूचा मान, उगाच नाही मिळाला. नेम्बार्ड ८, नेस्मिथ ७.५ (त्यातले दोन न्यूयॉर्कच्या पहिल्या मॅचच्या चौथ्या क्वार्टरचे), टॉपिन ७.

आता मॅथुरिन. ६. तिसऱ्या मॅचमध्ये बेंचवरून येऊन २७ पॉइंट. सातव्या मॅचमध्ये २४ आणि १३ रिबाउंड. मग सहाच का? चौथी मॅच आठवा. सीरिज २-१, मॅच घरची, जिंकली असती तर ३-१. समोरच्या संघाचे पूर्ण मॅचमध्ये फक्त ३ थ्री पडले होते! आणि आपण ३३ पैकी ८ फ्री थ्रो वाया घालवून ७ पॉइंटने हरलो. त्यातले दोन मॅथुरिनचे, शेवटच्या मिनिटातले. वर त्याच मिनिटात नको तिथे फाउल. मी टीव्हीसमोर डोक्याला हात लावून बसलो होतो.

टर्नरला ५.५. हे लिहिताना हात जड होतोय. आपल्याकडे येऊन गेलेला माणूस, दहा वर्षं एकाच संघात. पण फायनलमध्ये त्याचे थ्री फारसे पडलेच नाहीत, आणि तो बाहेरून टाकत नसेल तर थंडरचा होल्मग्रेन निवांत रिंगखाली उभा राहतो.

मॅककॉनेल ९. ग्रेस मार्क नाहीत, कमावलेले आहेत. कोच कार्लाइल सरांना ९.

नागपूरची_गार्ड:
वरळी भाऊ, मी युनिव्हर्सिटीला पॉइंट गार्ड खेळली आहे, म्हणून माझा जीव त्याच जागेवर अडकतो. हॅलिबर्टनला १०. तुमचा कापलेला मार्क परत द्या.

पाचव्या मॅचचे ४ पॉइंट तुम्ही मोजले. पोटरी दुखावलेला गार्ड काय गमावतो ते बघा. तो धावतो बरोबर, सरळ रेषेत कोणीही धावतं. पण थांबून परत पहिलं पाऊल टाकायचं असतं ना, ते पोटरीवर असतं. ते पाऊल नाही तर डिफेंडर हलत नाही, डिफेंडर हलला नाही तर कोपऱ्यातला माणूस मोकळा होत नाही. म्हणजे त्याच्या ४ पॉइंटपेक्षा बाकीच्या चौघांचं नुकसान मोठं. तरी सहाव्या मॅचमध्ये तो २३ मिनिटांत काम उरकून गेला. सातव्यात पहिल्याच क्वार्टरमध्ये तीन थ्री टाकले. मग तेच पहिलं पाऊल घ्यायला गेला, जवळ धक्का मारणारं कोणी नव्हतं, आणि अकिलीस (टाचेमागची शीर) गेली. खाली पडून जमिनीवर तळहात आपटत होता ते मला बघवलं नाही.

त्याला खेळवायला पाहिजे होतं का, हा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही. मोसमाच्या सुरुवातीला वाइझमन आणि आयझाया जॅक्सन, दोघांची अकिलीस गेली होती. एका मोसमात एका संघात तिसरी! माझ्या हिशेबाने कार्लाइलचे ९ नाही, ७.

आणि नेम्बार्डचे ८ कमी आहेत बाप्पा. पूर्ण सीरिज थंडरच्या शे गिल्जस-अलेक्झांडरसमोर छाती लावून उभा होता. शे पॉइंट करणारच, पण त्याला प्रत्येक पॉइंटसाठी घाम गाळायला लावला.

इंडीकर:
मी इंडियानापोलिसजवळ कार्मेलला राहतो. चौथ्या आणि सहाव्या, दोन्ही मॅचना आत होतो. (तिकिटाचा आकडा घरी सांगितलेला नाही, इथेही सांगत नाही.)

चौथ्या मॅचबद्दल वरळी_बेसलाइनशी सहमत, पण सगळं मॅथुरिनवर ढकलू नका. टीव्हीवर कॅमेरा बॉलमागे असतो. वरच्या रांगेतून बाकीचे चौघे दिसतात, आणि शेवटच्या तीन-चार मिनिटांत ते चौघे चक्क उभे होते. वर्षभर ज्या संघाचा बॉल एका हातात दोन सेकंद टिकला नाही, तो संघ शॉट क्लॉक (शॉट टाकायची मुदत) संपत आल्यावर एकेकट्याने ढकलाढकली करत होता. कोणी कट मारेना, कोणी स्क्रीन लावेना (डिफेंडरची वाट अडवेना). घाबरले म्हणणार नाही, पाय संपले होते. पूर्ण मॅच पळत खेळायचं याची किंमत कधीतरी द्यावी लागते.

टर्नरला ५.५ हा अन्याय आहे. त्याच्या बदलीच्या अफवा इथे दर वर्षी उठल्या आणि दर वर्षी तो निमूट येऊन ब्लॉक मारत राहिला. फायनलपुरते द्या ५.५. पण मोसमाचं प्रगतिपुस्तक म्हणताय ना? मग ७ खाली नाही.

सहाव्या मॅचचं एकच दृश्य सांगतो. हाफटाइमच्या अगदी तोंडावर हॅलिबर्टनने बॉल चोरला, सिआकमला न बघता पास दिला आणि त्याने डंक मारला. हाफटाइमला ६४-४२. शेजारचे अनोळखी आजोबा माझ्या गळ्यात पडले. इथे पेसर्सचे तीन कप आहेत, पण ते एबीए या जुन्या वेगळ्या लीगचे, १९७० ते ७३ मधले. आजोबांनी बहुतेक तेही बघितले असावेत.

थंडरवाला:
एकाच शाळेचं प्रगतिपुस्तक चाललंय. समोर कोण होतं? ६८ मॅच जिंकलेला संघ. चौथ्या मॅचमध्ये शेने शेवटच्या ४ मिनिटं ३८ सेकंदांत १५ पॉइंट केले. त्याला "पेसर्सनी घालवली" म्हणणं म्हणजे कमालच. पाचव्यात जेलन विल्यम्सचे ४०. सातव्यात होल्मग्रेनचे ५ ब्लॉक. घालवली नाही, घेतली.

वरळी_बेसलाइन:
@थंडरवाला, घेतलीच, पण आम्ही दार उघडं ठेवल्यावर. ८ फ्री थ्रो शेने नाही चुकवले.

@नागपूरची_गार्ड, पहिल्या पावलाचं पटलं, तरी ९ वरच थांबतो. कारण ती पाचवी मॅच मॅककॉनेलने जवळजवळ परत आणली होती. म्हणजे हॅलिबर्टन बेंचवर बसला असता तरी संघ खेळत होता. त्याला खेळवायला हवं होतं का, यावर माझं मत वेगळं आहे. पेसर्स याआधी फायनलला गेले ते २००० साली. पंचवीस वर्षांनी आलेल्या फायनलची सातवी मॅच, आणि स्वतःच्या पायावर चालू शकणारा गार्ड "बसतो" म्हणेल? कार्लाइल सरांचे दोन मार्क यासाठी कापायचे तर मग सगळ्याच कोचांचे कापा. मी त्यांचा अर्धा कापेन, तो सातव्या मॅचच्या तिसऱ्या क्वार्टरसाठी. हाफटाइमला ४८-४७ ने पुढे होतो, हॅलिबर्टनशिवाय! मग त्या एका क्वार्टरमध्ये थंडरचे ३४, आपले २०. मॅककॉनेलने त्यात १२ पॉइंट केले, बाकीचे बॉल समोरच्याच्या हातात देत होते. टाइमआउट आधी घ्यायला हवा होता.

@इंडीकर, टर्नर ६.५. सातपर्यंत नेणार नाही, आणि तुम्ही घासाघीस केलीत म्हणून एवढे. पण त्याचा करार या २०२५ च्या उन्हाळ्यात संपतोय ना? पुढचा २०२५-२६ चा मोसम हॅलिबर्टनशिवाय काढावा लागणार असं दिसतंय. अशा वेळी टर्नरही गेला तर नेम्बार्ड पिक अँड रोल (गार्ड आणि उंच खेळाडूची जोडीची चाल) कोणाबरोबर खेळणार? तिकडच्या पेपरात काय चाललंय ते टाका इथे.

इंडीकर:
इथे सगळे गृहीत धरून चाललेत की तो राहणार. मी धरत नाही. मालकांनी लक्झरी टॅक्स (पगारांचा ठरलेला आकडा ओलांडला की लीगला भरायचा) भरून बरीच वर्षं झालीत.