सुयांची गोष्ट

इबोलासारख्या जीवघेण्या विषाणूंच्या साथींवरची पुस्तकं फार रंगवून लिहिलेली असतात, थरारकथेसारखी वाचून होतात, पण हाती भीतीशिवाय काही लागत नाही, असं काही वाचक म्हणतात. रंगवून लिहिण्याबद्दल सहमत. इबोलाच्या बऱ्याच रुग्णांना उघड रक्तस्राव होतच नाही. उलट्या-जुलाबांनी शरीरातलं पाणी आटून माणसं खचतात. हे काही लेखक सांगतच नाहीत, आणि ते मला खटकतं.

पण हाती काही लागत नाही हे नाही पटलं. १९७६ साली झैरमधल्या (आताचं काँगो) याम्बुकूच्या मिशन इस्पितळातून पसरलेल्या साथीची हकिकत जरूर वाचा. तिथे नर्सना रोज सकाळी मोजून पाच सिरिंज मिळायच्या. बाह्यरुग्ण विभाग, वॉर्ड, गरोदर बायकांची तपासणी, सगळीकडे त्याच. दोन रुग्णांच्या मध्ये कोमट पाण्यात खळबळायच्या, बस. उकळणं झालंच तर दिवस संपल्यावर, तेही कधीमधी! ज्यांना लागण निव्वळ सुईवाटे झाली, त्यांतलं कुणीही वाचलं नाही. एकूण ३१८ रुग्ण, २८० मृत्यू. इस्पितळातल्या १७ कर्मचाऱ्यांपैकी ११ गेले, आणि इस्पितळ बंद पडल्यावर साथही ओसरू लागली. हे वाचल्यापासून मी अशा पुस्तकांत विषाणूच्या वर्णनाआधी इस्पितळात साधनं काय होती ते शोधते.