बेअर्डेड ड्रॅगनसाठी (पाळायचा सरडा) काचेचा टँक कोणता घेऊ?

सरडेवाला: पिल्लू आणतोय, आधी छोटा टँक घेऊ की एकदम मोठाच? आणि खाली वाळू चालेल ना, दिसायला भारी वाटते

खवलेदार: मोठाच घ्या, वर्षभरात दीड फुटाच्या वर जातो तो. ४ फूट लांब, २ रुंद, २ उंच, त्याखाली नको. वाळू तर नकोच बुवा, किडा पकडताना तीपण गिळतात आणि पोटात अडकते, पेपर टॉवेल टाका, घाण झाला की फेकला

उन्हातला: लाइटचं बघा आधी. एका टोकाला बास्किंगचा (अंग शेकायचा) दगड ४० डिग्रीच्या आसपास, दुसरं टोक २५ च्या आसपास, मग तो आपला आपण इकडून तिकडे सरकतो. यूव्हीबीची (उन्हातल्या अतिनील किरणांची) लांब ट्यूब लावा, पण काचेच्या आतल्या बाजूला, काच यूव्हीबी अडवते

सरडेवाला: ट्यूब पेटतेय तोवर चालेल ना?

उन्हातला: छे, वर्षभराने बदला, उजेड दिसतो पण यूव्हीबी उतरलेला असतो