मदत हवी आहे: मंत्र्यांच्या दौऱ्याआधी वडिलांना पोलिसांची नोटीस आली आहे. निवेदन द्यायला जाणं हा गुन्हा आहे का? (सांगली जिल्हा)

येरळाकाठ

नमस्कार. कायद्याची माहिती असणाऱ्यांनी कृपया वेळ काढून वाचा. आमचं गाव येरळेच्या काठावर, सांगली जिल्ह्यात. गावाचं, कारखान्याचं आणि पोलीस ठाण्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही.

वडील, आम्ही त्यांना आण्णा म्हणतो, ऊस आणि थोडी द्राक्षं करतात. गेल्या हंगामात घातलेल्या उसाचं निम्म्याहून जास्त बिल अजून आलेलं नाही. कारखान्याच्या ऑफिसात खेटे घालून झाले, शेतकी अधिकारी आता फोन उचलत नाहीत. येत्या सोमवारी तालुक्याच्या गावी मंत्र्यांचा कार्यक्रम आहे. आण्णा आणि गावातली दहा-बारा माणसं तिथं जाऊन निवेदन देणार आहेत. रस्ता अडवायचा नाही, काळे झेंडे नाहीत, घोषणासुद्धा नाहीत. हे सगळं लिहून त्यांनी ठाण्यात आधीच अर्ज दिला होता. त्या अर्जाखालच्या सह्या बघूनच आता घरोघर नोटिसा आल्यात.

परवा रात्री जेवणं चालली असताना बीट अंमलदार नोटीस घेऊन आले. झेरॉक्स केलेला छापील कागद. नावाच्या रिकाम्या जागी बॉलपेननं आण्णांचं नाव. छापलेलं १४९ हे कलम खोडून वर पेननंच १६८ लिहिलंय. मजकूर असा: 'आपल्या हातून कोणताही दखलपात्र गुन्हा घडल्यास अगर कायदा व सुव्यवस्थेचा प्रश्न निर्माण झाल्यास त्यास आपणांस जबाबदार धरून कायदेशीर कारवाई करण्यात येईल व सदरची नोटीस आपणांविरुद्ध पुरावा म्हणून वापरण्यात येईल.' आण्णांनी कोणता गुन्हा केला किंवा करणार आहेत, याबद्दल एक अक्षर नाही.

नोटिशीपेक्षा दुसरीच गोष्ट मनाला जास्त लागली. जाताजाता ते म्हणाले, "आण्णा, पोराची भरती आहे न्हवं? पडताळणीचा कागद आमच्याकडंच येतोय." धाकटा भाऊ दोन वर्षं पोलीस भरतीची तयारी करतोय, पहाटे चारला उठून पळतो. त्या वाक्यानंतर आई जेवली नाही.

मागच्या एका दौऱ्याच्या वेळी आमच्या भावकीतल्या दोघांना 'साहेबांनी चहाला बोलावलंय' म्हणून सकाळीच ठाण्यात नेलं. मोबाइल काढून घेतले आणि कार्यक्रम आटोपल्यावर संध्याकाळी सोडलं. ना सही घेतली, ना कागद दिला. सोमवारी आण्णांचंही तसंच होईल ही भीती आहे. त्यांना बीपीची गोळी वेळेवर लागते.

मला विचारायचंय ते असं. या नोटिशीनं आण्णांचं जाणं बेकायदा ठरतं का? त्यांना दिवसभर असं बसवून ठेवता येतं का? आणि भावाच्या भरतीवर खरंच काही परिणाम होईल का? मी पुण्यात असते, शनिवारी गावी पोचते. तोवर काय काय करून ठेवू?

मिरजकर

ताई, स्पष्ट लिहितो, राग मानू नका. उसाचं बिल आज ना उद्या येईल. पोराची नोकरी एकदा गेली की गेली. सोमवारी आण्णांना पुण्याला घेऊन जा आणि विषय मिटवा. हक्क पुस्तकात असतात, ठाणं गावात असतं.

काळा कोट

मी सांगलीत विजयनगरच्या कोर्टात प्रॅक्टिस करते. मिरजकरांची काळजी मला कळते, रोज अशी माणसं भेटतात. पण आण्णांनी गाव सोडायचं काही कारण मला दिसत नाही.

आधी नोटिशीबद्दल. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. जुनं १४९ तेच नवं १६८. त्या कलमात एवढंच आहे की दखलपात्र गुन्हा, म्हणजे ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा गुन्हा, घडू नये म्हणून पोलिसांनी मध्ये पडावं आणि तो रोखावा. त्यात शिक्षा नाही, दंड नाही, कुणाला घरात बसवायचा अधिकारही नाही. ही नोटीस म्हणजे लेखी समज. आणि मुळात निवेदन देणं हा दखलपात्र गुन्हाच नाही, तर रोखणार काय? घटनेच्या १९व्या अनुच्छेदात बोलण्याचं स्वातंत्र्य आहे, तसंच शांततेनं आणि शस्त्राशिवाय एकत्र जमण्याचंही आहे. सरकार त्यावर वाजवी निर्बंध घालू शकतं, पण ते कायद्यानं आणि कारण देऊन.

आता 'परवानगी'बद्दल. १९७२ साली हिंमतलाल शहा यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं रस्त्यावरच्या सभांना परवानगी देण्या-नाकारण्याचा मनमानी अधिकार पोलिसांना देणारा नियम रद्द केला. तो नियम १९५१च्या मुंबई पोलीस कायद्याखालचा होता, म्हणजे आपण आज ज्याला महाराष्ट्र पोलीस कायदा म्हणतो त्याच. पोलिसांनी गर्दीचं नियमन करावं, जागा आणि वेळ ठरवून द्यावी, हे मान्य. मनात आलं म्हणून नाही म्हणायचं, हे अमान्य.

एक गोष्ट मात्र आजच तपासा. त्याच कायद्याच्या कलम ३७(३) खाली जिल्हाधिकाऱ्यांचा जमावबंदीचा आदेश सध्या लागू आहे का? असे आदेश आपल्याकडे सणासुदीला आणि निवडणुकांच्या आगेमागे सारखे निघतात. शासनाच्या मंजुरीशिवाय तो पंधरा दिवसांपेक्षा जास्त चालत नाही. आदेश लागू असेल तर त्यात किती माणसांवर बंदी आहे आणि परवानगी कुणाकडं मागायची हे लिहिलेलं असतं. तो मोडला तर कलम १३५ खाली खरोखर गुन्हा दाखल होतो. म्हणून हा कागद आधी, बाकीचं नंतर.

निवृत्त खाकी

मी पोलीस खात्यातूनच निवृत्त झालो. सातारा आणि सांगली, दोन्ही जिल्ह्यांत नोकरी झाली. आतली बाजू सांगतो.

दौरा लागला की पोलिसांच्या गोपनीय शाखेचा माणूस नावांची यादी करतो. मागं कुणी आंदोलन केलं, कुणी अर्ज दिला, सगळे त्या यादीत. मग वरून विचारणा येते, 'किती नोटिसा बजावल्या?' आकडा कळवायचा असतो, त्यामुळं नोटिशीवरून आण्णांनी मनाला लावून घेऊ नये. बीट अंमलदारानं पोराच्या भरतीचं जे काढलं, ते मात्र मला अजिबात पटलेलं नाही. खाकी घालून असं बोलायचं नसतं.

चहाच्या नावाखाली बसवून ठेवण्याबद्दल माझं मत ठाम आहे. माणूस ठाण्यात आणला की त्याची स्टेशन डायरीला नोंद झालीच पाहिजे. अटक असेल तर अटक म्हणा, नसेल तर तो उठून घरी जाऊ शकतो. मधली तिसरी जागा कायद्यात नाही. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२० मध्ये प्रत्येक पोलीस ठाण्यात सीसीटीव्ही लावायला सांगितलंय, दारापासून कोठडीपर्यंत. त्यामुळं कोण किती वाजता आत आलं, हे नंतर नाकारणं अवघड जातं.

माझा सल्ला: शनिवारी तुम्ही आलात की आण्णांना घेऊन सरळ ठाणेदाराला भेटा. चार-पाच जणांचं शिष्टमंडळ कार्यक्रमाआधी किंवा नंतर भेटवायची सोय बऱ्याचदा होते. बंदोबस्तावरच्या अधिकाऱ्यालाही गोंधळापेक्षा तेच बरं वाटतं.

काळा कोट

खाकीसाहेबांशी मी जवळजवळ पूर्ण सहमत आहे, पण 'तिसरी जागा नाही' याला नव्या संहितेत एक पुरवणी आहे. कलम १७२. पोलिसानं गुन्हा रोखण्यासाठी दिलेली कायदेशीर सूचना कुणी धुडकावली तर त्याला बाजूला नेता येतं किंवा ताब्यात घेता येतं, आणि किरकोळ बाबतीत चोवीस तासांच्या आत शक्य तितक्या लवकर सोडावं लागतं. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे असं स्वतंत्र कलम नव्हतं. पण आधी कायदेशीर सूचना हवी आणि ती माणसानं मोडलेली हवी. सकाळी घरातून चहाला उचलून नेलेला माणूस यात बसत नाही.

दुसरं कलम १७०, जुनं १५१. अमुक माणूस दखलपात्र गुन्हा करायच्या बेतात आहे हे कळलं आणि तो गुन्हा दुसऱ्या कुठल्याच मार्गानं टळत नसेल, तरच वॉरंटशिवाय अटक. 'दुसऱ्या कुठल्याच मार्गानं' हे महत्त्वाचं. बीपीच्या गोळ्या खिशात ठेवून हातात निवेदन घेतलेल्या शेतकऱ्याबद्दल हे लिहायला कुठलाही अधिकारी दोनदा विचार करील, आणि करायलाच हवा.

तरीही अटक झालीच तर अनुच्छेद २२ आहे. अटकेचं कारण सांगायचं, वकिलाला भेटू द्यायचं आणि प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यांसमोर उभं करायचं. १९९६च्या डी. के. बसू निकालापासून अटकेचा पंचनामा, त्यावर घरच्या माणसाची किंवा गावातल्या प्रतिष्ठिताची सही आणि नातेवाइकाला कळवणं बंधनकारक आहे. आता ते संहितेतच आलंय, कलम ३६ आणि ४८ मध्ये. अटकेत असलेल्याला सरकारी खर्चानं वकील मिळतो, तिथं उत्पन्नाची अट नाही. तालुका कोर्टात विधी सेवा समिती असते, हेल्पलाइन १५१००. हा नंबर आईच्या आणि भावाच्या फोनमध्ये आजच टाका.

आणि अगदीच पत्ता लागू दिला नाही तर उच्च न्यायालयात बंदी प्रत्यक्षीकरणाचा, म्हणजे 'माणसाला कोर्टापुढं हजर करा' असा, अर्ज. तो घरचं कुणीही करू शकतं. पूर्वी यासाठी मुंबई गाठावी लागायची. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालंय आणि सांगली, सातारा दोन्ही जिल्हे त्याच्याकडे आहेत. सकाळी निघालेला माणूस कोर्ट उघडायच्या वेळेला तिथं असतो. हक्काला दाद मागायची जागा एवढी जवळ आली, हा आपल्या भागासाठी केवढा मोठा बदल आहे, ते ज्यांनी रात्रीच्या गाडीनं मुंबईच्या वाऱ्या केल्यात त्यांनाच कळेल.

येरळाकाठ

दोघांचे मनापासून आभार. आण्णांना फोनवर सगळं वाचून दाखवलं. ते जाणारच म्हणतात. त्यांचं म्हणणं, १९४२ साली तासगावच्या कचेरीवर मोर्चा गेला तेव्हा आपल्या भागातली माणसं इंग्रजांपुढं उभी राहिली, आता आपल्याच राज्यात कागद द्यायला भ्यायचं का?

मिरजकर, तुमचं चुकीचं नाही. आईही तेच म्हणते. पण एकदा नोकरीच्या धाकानं गप्प बसलो तर भाऊ नोकरीत असेपर्यंत गप्पच बसावं लागेल. भरतीचं आणि चॅप्टर केसचं कुणी सांगेल का? नोटिशीनंतर चॅप्टर लावतील असं गावात बोलतायत.

काळा कोट

चारित्र्य पडताळणी उमेदवाराची होते. फॉर्ममध्ये त्याच्या स्वतःवरच्या गुन्ह्यांची आणि खटल्यांची माहिती विचारतात. वडिलांना १६८ची नोटीस आली, हा भावाविरुद्धचा शेरा होऊ शकत नाही. भावानं एकच पाळायचं, फॉर्ममध्ये स्वतःबद्दल काहीही लपवायचं नाही. माझ्या पाहण्यात लपवल्यामुळं जास्त उमेदवार अडचणीत येतात. आणि सोमवारी त्यानं घरी थांबावं. घाबरून नव्हे, आईजवळ आणि फोनजवळ कुणीतरी हवं म्हणून.

चॅप्टर केस म्हणजे नव्या संहितेच्या कलम १२६ची कारवाई. ती कार्यकारी दंडाधिकाऱ्यांपुढं चालते, बहुतेक वेळा तहसीलदारांपुढं. त्यांना लेखी आदेश काढावा लागतो: माहिती काय मिळाली, जातमुचलका (शांतता राखण्याचं बंधपत्र) किती रुपयांचा, किती मुदतीचा. ही शिक्षा नव्हे आणि गुन्हा शाबीत होणंही नव्हे. १९७०च्या मधू लिमये खटल्यात सात न्यायमूर्तींच्या पीठानं ही कलमं वैध ठरवली, पण सोबत हेही बजावलं की माहिती खरी की खोटी याची चौकशी सुरू केल्याशिवाय अंतरिम बंधपत्र मागता येत नाही. प्रत्यक्षात काय होतं, तर माणूस जातो, छापील कागदावर सही करतो आणि सुटलो म्हणून घरी येतो. आण्णांनी तसं करू नये. आदेशाची प्रत मागावी, वकील द्यावा, म्हणणं मांडावं.

उसाचं बिल

कायद्याचं वरच्यांनी सांगितलंय, मी फक्त निवेदनाबद्दल लिहितो. त्यात नुसतं 'बिल मिळावं' असं लिहू नका. १९६६च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणं ऊस घातल्यापासून १४ दिवसांत एफआरपी (उसाचा रास्त व किफायतशीर दर) द्यायची असते, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज. वजनाच्या पावत्यांच्या झेरॉक्स जोडा, तारीखवार. एक प्रत पुण्याला साखर आयुक्तांना रजिस्टर पोस्टानं पाठवा, वसुलीची कारवाई तिथून निघते. म्हणजे सोमवारी मंत्र्यांची भेट नाही झाली तरी काम थांबत नाही.

येरळाकाठ

जमावबंदीचं कळलं. सध्या आदेश लागू नाही, आज भावानं जिल्हाधिकारी कार्यालयात जाऊन विचारलं. नोटिशीला उत्तर तयार केलंय, कृपया बघा:

'आपली नोटीस मिळाली. मी व माझे सहकारी सोमवारी शांततेने व कायद्याचे पालन करून उसाच्या थकीत बिलाबाबत मा. मंत्रिमहोदयांना निवेदन देणार आहोत. आमच्यापैकी पाच जणांना भेटीची वेळ व जागा ठरवून द्यावी, ही विनंती. मला ताब्यात घेण्याचे कोणतेही कारण नाही. तसे करावयाचे असल्यास लेखी कारण द्यावे व माझ्या मुलीस कळवावे. मला रक्तदाबाचा त्रास असून औषध वेळेवर घ्यावे लागते. आपल्या अंमलदारांनी माझ्या मुलाच्या नोकरीबद्दल धमकी दिली, त्याचा मी निषेध करतो.'

निवृत्त खाकी

उत्तर चांगलं आहे. शेवटचं वाक्य यातून काढा आणि त्याचा वेगळा अर्ज करा, पोलीस अधीक्षकांच्या नावानं, तारीख, वेळ आणि घरात कोण कोण हजर होतं ते लिहून. एकाच कागदात दोन्ही घातलं तर ठाण्यात त्या एका वाक्यावरच वाद होईल आणि वेळ-जागेची विनंती बाजूला राहील.

काळा कोट

हेच सांगणार होते. उत्तराच्या दोन प्रती न्या. एकीवर ठाणे अंमलदाराकडून शिक्का, सही आणि वेळ टाकून पोच घ्या. घेत नाहीत म्हणाले तर तिथं हुज्जत घालू नका. बाहेर येऊन ठाण्याला आणि अधीक्षक कार्यालयाला रजिस्टर पोस्टानं पाठवा, ईमेलही करा. आणि 'माझ्या मुलीस कळवावे' इथं तुमचा मोबाइल नंबर घाला. सोमवारी मी कोर्टातच आहे, इथंच व्यक्तिगत निरोपात माझा नंबर देऊन ठेवते.

मिरजकर

ताई, सोमवारी पाच जणांत एक माणूस कमी पडत असेल तर सांगा. माझाही ऊस त्याच हंगामातला आहे.