ठिपके-रेघांवरून उत्कलनबिंदू

कुणी विचारेल की रेणूतल्या अणूंना ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या बाँडना रेघा म्हटलं तर हाती नुसतं चित्रच उरतं, त्यातून केमिस्ट्रीचं काय कळणार. अहो बरंच कळतं! पेंटेनच घ्या. फॉर्म्युला एकच, C५H१२, पण आयसोमर, म्हणजे तेच अणू वेगवेगळ्या तऱ्हेने जोडलेली रूपं, तीन. हायड्रोजन सोडून द्या, फक्त पाच कार्बनचे ठिपके काढा आणि प्रत्येक जोडीमधलं अंतर, म्हणजे मधे किती रेघा पडतात ते मोजून सगळी बेरीज करा. सरळ साखळीत चार जोड्या १ वर, तीन २ वर, दोन ३ वर, एक ४ वर, झाले २०. एक फांदी फुटलेल्या आयसोपेंटेनचे येतात १८, आणि निओपेंटेनमधे एक कार्बन मधोमध नि चार भोवती, त्याचे १६. आता उत्कलनबिंदू बघा, साधारण ३६, २८ आणि ९.५ अंश सेल्सिअस, त्याच क्रमाने उतरतात! रेणू जितका गोळ्यासारखा आटोपशीर तितका शेजारच्याला कमी चिकटतो, म्हणून लवकर उकळतो, आणि ते त्या बेरजेत पकडलं जातं. हा वीनर इंडेक्स, हॅरी वीनरने १९४७ मधे मांडलेला. मला तर हे अजूनही फार सुंदर वाटतं, शाळकरी पोरगंसुद्धा वहीत करू शकेल.

मर्यादा आहेतच. नुसत्या बेरजेवर भागत नाही म्हणून वीनरने स्वतःच ३ अंतरावरच्या जोड्या वेगळ्या मोजून उत्कलनबिंदूच्या समीकरणात घातल्या होत्या. शिवाय साध्या ग्राफला, म्हणजे या ठिपके-रेघांच्या चित्राला, डावा-उजवा कळत नाही, कार्व्होन या वासाच्या रसायनाची दोन आरशातली रूपं ग्राफवर एकच दिसतात पण एकाला पुदिन्यासारखा वास येतो नि दुसऱ्याला कॅरवे या जिऱ्यासारख्या मसाल्याचा, तिथे त्रिमितीची माहिती वेगळी जोडावीच लागते.