रविवारी नळदुर्ग : एकच गाव, पण नीट बघू

श्रीनिवास (ए-२०४): नमस्कार मंडळी. आत्ताच नळदुर्गच्या मावसभावाचा फोन आला होता. बोरी धरण भरून वाहायला लागलंय आणि किल्ल्यातले नर-मादी धबधबे सुरू झालेत. या रविवारी कोण कोण येतंय? सकाळी निघायचं, दिवे लागायच्या आत परत.

पूजा (ए-१०१): आम्ही चौघं. मुलं कधीपासून मागं लागलीत.

यास्मिन भाभी: आम्ही पण. गाडीत दोन जागा रिकाम्या आहेत, कुणाला यायचं असेल तर सांगा.

मंगल काकू: मी येणार. पण एवढं निघालोच आहोत तर तुळजापूर पण करू की. नळदुर्गहून तुळजापूरला रस्ता आहेच, तिथून सरळ सोलापूर. आईचं दर्शन होईल, खंडोबाचं पण होईल.

सचिव काका: सूचना चांगली आहे. सकाळी नळदुर्ग, दुपारी तुळजापूर, वेळ उरला तर येताना अजून एखादं ठिकाण. फेरी सव्वाशे किलोमीटरच्या आसपास होते. गाडीला काहीच नाही.

श्रीनिवास: अण्णा, तुमचं काय मत? तुम्ही पाटबंधाऱ्यातले, नळदुर्ग तुमच्याएवढं आमच्यापैकी कुणी बघितलेलं नाही.

शिवानंद अण्णा (बी-४०२): गाडीला काही नाही हे बरोबर आहे, सचिव साहेब. प्रश्न माणसांचा आहे. रविवारी तुळजापूरला रांग किती असते ते आपण सगळे जाणतो. त्या रांगेच्या धास्तीनं किल्ल्यात पाय ठरत नाही, सगळे घड्याळाकडं बघत हिंडतात. तुळजापूर आपल्याला परकं नाही. कोजागिरीला अर्धं सोलापूर चालत जातं, आपल्या बिल्डिंगमधले पण जातात. आईकडं जायचं तर आईसाठीच जावं. नर-मादीचं तसं नाही ओ. वरचं बोरी धरण भरून सांडव्यावरून पाणी आलं तरच ते वाहतात. पाऊस कमी पडला की अख्खं वर्ष कोरडं जातं. यंदा पाणी आलंय, तर हा दिवस फक्त नळदुर्गला द्या एवढं माझं मनापासून सांगणं आहे.

आता तिथं आहे काय ते सांगतो, म्हणजे घाई का करायची नाही ते कळेल. बोरी नदीवर दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात दगड-चुन्याचा बंधारा बांधला. मुख्य किल्ला एका बाजूला, रणमंडळ नावाचा छोटा किल्ला दुसऱ्या बाजूला आणि दोघांना जोडणारा हा बंधारा. बंधारे त्या काळी बरेच झाले, पण या बंधाऱ्याच्या भिंतीच्या पोटात महाल बांधलाय. त्यालाच पाणी महाल म्हणतात. पाणी अडवायची भिंत म्हणजे तिच्यावर मागून सगळ्या पाण्याचा दाब. अशा भिंतीत खोल्या, जिने, सज्जा काढायचा आणि तरी भिंत हलू द्यायची नाही! आम्ही नोकरीत धरणाच्या भिंतीत साधी तपासणीची गॅलरी ठेवताना किती आकडेमोड करायचो ते मला माहीत आहे. इथं तर बादशहाच्या बसायची सोय केली आहे. चारशे वर्षं झाली, दर पुराला अंगावरून पाणी जातंय आणि आतली खोली कोरडी राहते. पाणी वरून सज्जाच्या समोर पडतं. आपण आत उभे असतो आणि पुढ्यात नुसता पाण्याचा पडदा.

पुराचं पाणी भिंतीवरून कसंही जाऊ नये म्हणून दोन सांडवे ठेवलेत. एक नर, एक मादी. दोन्हीकडून एकदम पाणी पडायला लागलं की शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. बांधणाऱ्याचं नाव मीर इमादीन, साल १६१३. तिथल्या फारसी शिलालेखाचा अर्थ असा सांगतात की हा महाल बघून मित्रांचे डोळे उजळतील आणि शत्रूंच्या डोळ्यांपुढं अंधारी येईल.

पूजा: अण्णा, हे वाचून अंगावर काटा आला. मुलांना वाचून दाखवते.

मंगल काकू: पटलं अण्णा. तुळजापूर नवरात्राच्या आधी वेगळं ठरवू. पण खंडोबा तर नळदुर्गचाच ना? त्याला तरी जाऊ.

शिवानंद अण्णा: जाऊ की काकू. फक्त देव आत्ता नळदुर्गला नाहीत, अणदूरला आहेत. वर्षातले सव्वादहा महिने अणदूर आणि पावणेदोन महिने नळदुर्ग, असा तिथला नेम आहे. पौष पौर्णिमेची मोठी यात्रा नळदुर्गला भरते, तेव्हा देव तिथं असतात. अणदूर उमरग्याच्या रस्त्यावर नळदुर्गच्या थोडं पुढं आहे. दुपारच्या जेवणानंतर जाऊन येता येईल.

यास्मिन भाभी: दोन गावांचा एक देव, आणि दोन्ही गावांनी इतकी वर्षं ही व्यवस्था सांभाळली. किती छान आहे हे.

मंगल काकू: मग भंडारा मी घेते बरोबर.

डॉक्टर वहिनी (बी-१०३): मी पण येतेय. दोन-तीन गोष्टी आधीच सांगते. पाणी महालात उतरायच्या पायऱ्या उंच आणि अरुंद आहेत, वर ओल असते. गुडघ्याचा त्रास असणाऱ्यांनी उतरायचा हट्ट करू नये. सरोज आज्जींना वरून पण धबधबा दिसेल, मी त्यांच्याजवळ थांबेन. लहान मुलांचा हात सोडायचा नाही. सांडव्याच्या काठाला कुणीही फोटोसाठी जायचं नाही, मोठ्यांनी तर अजिबात नाही. शेवाळावरून पाय सटकला की धरायला तिथं काही नसतं.

सरोज आज्जी: मी वर बसते गं. मला पाण्याचा आवाज ऐकायचाय, तेवढा पुरे.

शिवानंद अण्णा: वहिनींचं सगळ्यांनी ऐका. पाणी फार वाढलं तर महालात सोडत नाहीत. तसं झालं तर तिथल्या माणसांशी वाद घालायचा नाही, वरून बघायचं. श्रीनिवास, शनिवारी रात्री भावाला परत एकदा फोन कर. पाणी किती आहे आणि आत सोडतायत का, दोन्ही विचार.

श्रीनिवास: करतो अण्णा. तिकीट दारावरच मिळतं म्हणाला. गाड्या बाहेर लावायला जागा आहे, पण रविवारी दहानंतर हैदराबादकडच्या आणि लातूरकडच्या गाड्या यायला लागतात, मग जागा मिळत नाही.

सचिव काका: मग किती वाजता निघायचं? साडेआठ?

शिवानंद अण्णा: साडेसहा. अंतर पन्नास किलोमीटरच्या आतबाहेर, रस्ता चौपदरी. तरी जुळे सोलापुरातून आपल्याला शहर ओलांडायचंय. मार्केट यार्डाजवळ मालाच्या गाड्या आडव्या आल्या की तिथंच अर्धा तास जातो. सकाळी लवकर तो त्रास नसतो. दार उघडायच्या वेळेला आपण दारात पाहिजे. आधी थेट पाणी महाल, गर्दी व्हायच्या आत. उपळ्या बुरूज नंतर.

पूजा: साडेसहाला मुलं उठणं अवघड आहे अण्णा, पण उठवते.

इम्रान (सी-३०१): गाडी चालवणाऱ्यांना एक विनंती. हैदराबाद रोडवर ट्रक भरपूर असतात आणि बोरामणी, तांदुळवाडी, इटकळ या गावांपाशी दुचाकी आणि ट्रॅक्टर उलट्या बाजूनं येतात. एकामागोमाग एक जायची शर्यत करू नका. आपापल्या वेगानं या, इटकळला सगळे थांबू आणि तिथून बरोबर निघू. फास्टॅगमध्ये पैसे आहेत का ते शनिवारीच बघा.

श्रीनिवास: इम्रान पुढं राहील, मी सगळ्यात मागं. कुणाची गाडी बंद पडली तर मी असेन.

ऋतुजा (ए-१०१): अण्णा आजोबा, मी पूजाची मोठी. आमच्या शाळेत मराठवाडा मुक्तिसंग्रामावर प्रकल्प आहे. नळदुर्गचा त्यात काही संबंध आहे का?

शिवानंद अण्णा: फार मोठा आहे बाळा. आपण रविवारी ज्या रस्त्यानं जाणार, त्याच रस्त्यानं १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय सैन्य सोलापूरहून हैदराबाद संस्थानात शिरलं. नळदुर्ग तेव्हा निजामाच्या हद्दीत, आपलं सोलापूर मुंबई प्रांतात. म्हणजे सरहद्द या रस्त्यावरच होती. बोरी नदीवरचा पूल उडवला गेला असता तर सैन्य नदीच्या अलीकडंच अडकलं असतं. तो पूल पहिल्याच दिवशी ताब्यात आला. मोहिमेचे प्रमुख होते मेजर जनरल जयंतनाथ चौधरी. १७ सप्टेंबरला निजामानं लढाई थांबवली आणि दुसऱ्या दिवशी चौधरींनी हैदराबादेत शरणागती स्वीकारली. धाराशिव जिल्ह्यात १७ तारखेला झेंडावंदन होतं ते याचंच. सोलापूर त्या संस्थानात नव्हतं, म्हणून आपल्याकडच्या मुलांना हे कुणी सांगत नाही, आणि मला ते फार लागतं. मोहीम निघाली आपल्या गावातून!

नदीजवळ आलो की मी गाडीतून तुला जागा दाखवतो. वही घे बरोबर.

ऋतुजा: घेते! मी तुमच्याच गाडीत बसू का?

शिवानंद अण्णा: बस की. पुढच्या सीटवर. अजून एक लिहून घे. त्याच्या आधी, १८५३ पासून काही वर्षं नळदुर्ग जिल्हा इंग्रजांकडं होता. तेव्हा मेडोज टेलर नावाचा अधिकारी तिथून कारभार बघायचा. म्हणजे आज तालुका तुळजापूर आणि जिल्हा धाराशिव असलेलं हे गाव एके काळी स्वतः जिल्ह्याचं ठिकाण होतं. गावातून जाताना हे लक्षात ठेवून बघितलं की जुने वाडे, रस्ते वेगळे दिसतात.

यास्मिन भाभी: आता जेवणाचं. बाहेर खायचं की घरून न्यायचं?

मंगल काकू: घरून. एवढ्या माणसांना एका वेळी गरम कोण वाढणार? आणि तिथं ताटकळत बसलो की अणदूर राहील. कडक भाकरी नेऊ, खराब व्हायचा प्रश्नच नाही. शेंगाचटणी माझ्याकडून. दही कुणी आणेल?

डॉक्टर वहिनी: दही मी. विरजण शनिवारी रात्री लावते, डबा थंड पिशवीत ठेवू.

यास्मिन भाभी: भरल्या वांग्याची भाजी माझ्याकडून. शाकाहारीच सगळं, म्हणजे सगळ्यांना एकत्र बसता येईल.

पूजा: धपाटे मी करते. सकाळचा नाश्ता इटकळला थांबू तेव्हा धपाटे आणि चहा. चहाचे दोन थर्मास आहेत माझ्याकडे.

सरोज आज्जी: शेंगापोळ्या मी करून ठेवते. दहा-बारा दिवस टिकतात त्या, आजच करायला घेते. जुनी सोलापुरी चादर पण घ्या गं, खाली अंथरायला. दगडावर बसवत नाही.

सचिव काका: पाण्याचे दोन जार सोसायटीतर्फे. कागदी ताटं नकोत, प्रत्येकानं आपली ताटली आणि पेला आणावा. किल्ल्यात आपला एकही कागद राहता कामा नये. कचऱ्यासाठी दोन मोठ्या पिशव्या मी घेतो आणि परत आणतो.

शिवानंद अण्णा: सचिव साहेब, हे फार बरं केलंत. आणि मुलांना आधीच सांगा, भिंतीवर नाव लिहायचं नाही. त्या महालात कोळशानं आणि खिळ्यानं लिहिलेली नावं बघितली की जीव तुटतो.

इम्रान: अण्णा, उपळ्या बुरुजावर चढायचं का सगळ्यांनी?

शिवानंद अण्णा: ज्यांना झेपेल त्यांनी. किल्ल्यातली सगळ्यात उंच जागा आहे ती, वर मोठ्या तोफा आहेत आणि सगळा किल्ला, नदीचं वळण, पलीकडचं रणमंडळ एका नजरेत येतं. वर सावली नाही, म्हणून ऊन चढायच्या आत. तटाला शंभरावर बुरूज आहेत, सगळे बघायचे म्हटलं तर दिवस पुरत नाही. पण नवबुरूज चुकवू नका. त्याला बाहेरच्या बाजूनं पाकळ्या काढल्यात, गोल बुरुजापेक्षा अगदी वेगळा. थोडं चालावं लागतं म्हणून बहुतेक लोक तिकडं येतच नाहीत. मी नेतो ज्यांना यायचंय त्यांना.

ऋतुजा: मी येणार.

इम्रान: मी पण.

मंगल काकू: नळ राजा आणि दमयंतीचं गाव म्हणतात ते हेच ना अण्णा?

शिवानंद अण्णा: नळ राजानं वसवलं म्हणून नळदुर्ग, अशी आख्यायिका आहे काकू. गावातले लोक आपुलकीनं सांगतात. आपण त्यांच्याकडून ऐकू.

डॉक्टर वहिनी: सगळ्यांनी मागं पट्टा असलेल्या चपला किंवा बूट घाला. मुलांचा एकेक जोड कपडे जास्तीचा, भिजणार आहेत हे धरूनच चला. रोजच्या गोळ्या विसरू नका. प्रथमोपचाराची पेटी माझ्याकडं असेल. स्वच्छतागृहाची सोय वाटेत इटकळला बघून घ्या, आत गेल्यावर लहानांची पंचाईत होते.

श्रीनिवास: नक्की झालेलं एकत्र लिहितो. साडेसहाला गेटवर. इटकळला धपाटे-चहा. किल्ल्याचं दार उघडायच्या सुमारास नळदुर्ग. पाणी महाल, मग उपळ्या बुरूज, ज्यांना यायचंय ते नवबुरूज. एकच्या सुमारास जेवण. दोन-अडीचला अणदूर, खंडोबा. चारला तिथून परत. ट्रकांच्या दिव्यांत गाडी चालवायला लागू नये म्हणून चारच्या पुढं कुणी रेंगाळायचं नाही.

सचिव काका: गाड्या चार की पाच?

श्रीनिवास: पाच. इम्रान, यास्मिन भाभी, पूजा, अण्णा आणि मी. सरोज आज्जी आणि डॉक्टर वहिनी माझ्या गाडीत, तिच्यात चढायला सोपं पडतं. मंगल काकू यास्मिन भाभींकडं. ऋतुजा अण्णांकडं. सचिव काका, तुम्ही आणि काकू इम्रानच्या गाडीत.

यास्मिन भाभी: म्हणजे माझ्या गाडीत अजून एक जागा आहे. सी-१०२ च्या वहिनींना विचारू का? त्या नुकत्याच राहायला आल्यात, ग्रुपवर अजून नाहीत.

मंगल काकू: विचार की. मी आत्ताच खाली जाते त्यांच्याकडं.

यास्मिन भाभी: थांबा काकू, मी पण येते.

मंगल काकू: त्या येतायत. लिंबाचं लोणचं आणतो म्हणाल्या.

सचिव काका: त्यांचा नंबर पाठवा, ग्रुपमध्ये घेतो.