मदत हवी आहे: प्रीव्ह्यूला ओलं तैलचित्र कसं मांडायचं?

आमच्या ना-नफा संस्थेच्या कलामेळ्यात रेसिडेन्सीवर (काही काळ इथे राहून काम करायला) आलेले पाहुणे कलाकार प्रीव्ह्यूच्या, म्हणजे मेळा सर्वांना खुला होण्याआधी निमंत्रितांना दाखवण्याच्या, संध्याकाळी आपलं कामही दाखवणार आहेत. एकीचं तैलचित्र अजून ओलंच आहे. पांढऱ्याचा जाड थर वरून सुकल्यासारखा दिसतो, पण बोट टेकवलं की आत लिबलिबीत! तैलरंग पाणी उडून नव्हे, हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन वाळतो, त्यामुळे घाई करून भागणार नाही. गर्दीत कुणाची बाही लागू नये म्हणून तुम्ही काय करता? दोरी बांधली तर देणगीदार लांबूनच बघून पुढे सरकतील, असं मला वाटतं (कलाकाराला तर ती अजिबात नकोय). आणि विक्री झालीच, तर चित्र वाळेपर्यंत कलाकाराकडे ठेवायचं कलम करारात कसं घालतात? कंडिशन रिपोर्टमध्ये (चित्राच्या स्थितीच्या लेखी अहवालात) ओलेपणाची नोंद कुणी केली असेल तर नमुना पाठवाल का?